हसू कुणाचं, अंग कुणाचं?



जानेवारी २०२१ मध्ये वनिता खरात या अभिनेत्रीचं एक छायाचित्र प्रसिद्ध झालं. अभिजित पानसे यांच्या दिनदर्शिकेसाठी तेजस नेरुरकर यांनी ते काढलं होतं. वनिता त्यात विवस्त्र आहे, आणि वनिता जाड आहे. मला माझ्या कामाचा अभिमान आहे तसा माझ्या शरीराचाही आहे, अशा अर्थाचं तिचं म्हणणं सोबत होतं. तोवर महाराष्ट्र तिला ओळखत होता तो सोनी मराठीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मुळे. त्या कार्यक्रमात ती आली की घरातली माणसं हसायच्या तयारीतच बसलेली असतात. या चित्रात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यामुळे पुष्कळांची पंचाईत झाली.

आमच्या बोईसरच्या गटात या चित्रावरून जोराचा वाद झाला. गटात घरकाम करणाऱ्या आहेत, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाणाऱ्या आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, दोघीतिघी शिक्षिका आहेत. एकीचं म्हणणं, "सांगायचं ते सांगावं, त्यासाठी कपडे कशाला काढायचे?" त्यावर पास्थळहून येणाऱ्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "नेसून होती तेव्हा कोण ऐकत होतं तिचं?" मला स्वतःला बाईचं उघडं शरीर छापण्याबद्दल नेहमी धास्तीच वाटते. १९९६ साली बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा बाईच्या शरीराचा बाजार मांडू नका म्हणून स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. ती भूमिका मला आजही पटते. पण त्या स्पर्धेच्या मंचावर ज्या शरीराला कुणी पायरीसुद्धा चढू दिली नसती, ते शरीर इथे समोर उभं होतं आणि मापं घेणारा परीक्षक कुठेच नव्हता. म्हणून मी मावशींच्या बाजूची.

हा विषय आत्ता काढायचं कारण मात्र वेगळं आहे. या अंकासाठी आलेल्या पत्रांत एका मुलीचं पत्र आहे. वय वीस, बारावी झालेली, बोईसरमध्येच राहते आणि औषधांच्या एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला जाते. कंपनीत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. टीव्हीवरच्या एका विनोदी नटीचं नाव तिला चिकटवलं आहे. कारण एकच, दोघी जाड. आधी तिला राग यायचा. मग गेल्या वर्षी वार्षिक कार्यक्रमातल्या नाटुकल्यात तिला घेतलं. "तू नुसती चाललीस तरी लोक हसतील," असं सांगून घेतलं. तिला तीन वाक्यं होती आणि एक खुर्ची मोडायची होती. लोक पोट धरून हसले, टाळ्या पडल्या, स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. आणि तिला ते आवडलं. हे तिने न लपवता लिहिलं आहे, म्हणून मला हे पत्र मोलाचं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीचा विनोद कँटीनमध्ये सुरू झाला तो आजतागायत चालू आहे. ती रागावली की म्हणतात, "स्टेजवर चालतं, मग इथे का नाही चालत?" यंदा पुन्हा तेच काम तिला देऊ केलं आहे. ती विचारते, "मला स्टेज आवडतं. पण मला एवढंच काम देतात. मी करू का नको?"

उत्तर लिहायला बसले तेव्हा पहिली आठवण झाली ती टुणटुणची. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकीच्या वर्गात एक 'टुणटुण' होती. ज्या बाईवरून ते नाव आलं तिचं स्वतःचं नाव होतं उमादेवी खत्री. आईबापाविना वाढलेली ही मुलगी उत्तर प्रदेशातून मुंबईला आली ती गायला. संगीतकार नौशाद यांनी तिला संधी दिली आणि १९४७ सालच्या 'दर्द' चित्रपटातल्या तिच्या गाण्याने ती घराघरांत पोचली. आजही रेडिओवर ते गाणं लागतं. तेव्हा ती कशी दिसते हे कुणी विचारत नव्हतं. आवाजाला वजन-उंची नसते! पुढे गाण्यात नव्या मुली आल्या, तिला कामं मिळेनाशी झाली. मग १९५० साली दिलीपकुमार-नर्गिसच्या 'बाबुल'मध्ये ती पडद्यावर आली आणि उमादेवीची टुणटुण झाली. त्यानंतर वर्षानुवर्षं, चित्रपटामागून चित्रपट, तिने एकच काम केलं. ती दारातून आत यायची आणि लोक हसायचे. तिच्या तोंडी वाक्य आलं नाही तरी चालायचं. २००३ साली ती वारली.

आता बघा, तिला प्रसिद्धी मिळाली, पैसा मिळाला, संसार चालला. तिच्यावर अन्याय झाला असं म्हणणं मला तितकं सोपं वाटत नाही. तिच्याजागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या प्रसिद्धीची किंमत एकट्या उमादेवीने मोजली नाही. तिचं नाव ही शिवी झाली आणि ती शिवी देशभरातल्या शाळांतल्या मुलींनी खाल्ली. कधी सिनेमा न पाहिलेल्या मुलींनीसुद्धा. पडद्यावरच्या बाईला निदान कामाचे पैसे मिळतात. वर्गातल्या मुलीला काय मिळतं? आमच्या पत्रलेखिकेला निदान स्टीलचा डबा मिळाला.

जाड पुरुषावर कुणी हसत नाही का? हसतात ना. काळ्या, बुटक्या, टकल्या पुरुषांवरही हसतात. हास्यजत्रेत गौरव मोरेच्या केसांवर आणि अंगकाठीवर काय कमी विनोद झाले! पण तो 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून ओळखला गेला. पवईच्या फिल्टरपाड्यातल्या पोराने ते नाव छाती पुढे काढून मिरवलं. विनोदाने त्याला वर नेलं. भाऊ कदम यांचंही तसंच. नायकाचं रूप नाही, पण त्यांच्या वाट्याला पोलीस आला, राजा आला, नवरा आला, पुढारी आला. जाड बाईच्या वाट्याला बहुतेकदा फक्त जाड बाई येते. आणि गंमत अशी, की बाईच्या अंगावर विनोद करायचा असेल तर त्यालाही बाई लागतेच असं नाही. 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली सुरू झाला. त्याच्या मुख्य चमूत बराच काळ श्रेया बुगडे ही एकटीच बाई. बाकीच्या बायका पुरुषांनीच उभ्या केल्या, भाऊ कदमांची शांताबाई त्यातलीच. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे. तमाशातल्या गवळणीची मावशी पुरुषच असतो आणि मला ती मावशी मनापासून आवडते. तिच्या तोंडून गावाने पुष्कळ खरं ऐकून घेतलं आहे. पण बालगंधर्वांची लुगडी नेसण्याची ढब पाहून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या, हेही आपल्याच रंगभूमीच्या इतिहासात आहे. म्हणजे सुंदर बाई कशी असावी हे पुरुषाने दाखवायचं आणि हास्यास्पद बाई कशी असते हेही त्यानेच! असो.

अमेरिकेत २००५ साली 'फॅट अ‍ॅक्ट्रेस' नावाची सात भागांची एक विनोदी मालिका आली होती. कर्स्टी अ‍ॅली ही तिथली मोठी नटी त्यात स्वतःचंच पात्र करते. एके काळी 'चिअर्स' या मालिकेमुळे घरोघरी पोचलेली ही बाई नंतर जाड झाली. तिचे खातानाचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागले, कामं मिळेनात. मालिकेत ती त्रागा करते, की जाडजूड पुरुष नटांना कामं मिळतात, मग मलाच का नाही? प्रश्न अगदी आपला. लोक तिच्यावर हसत होतेच, म्हणून तिने ठरवलं की आपणच आधी हसावं. मला यात धाडस दिसतं. पण त्याच सुमारास ती वजन उतरवून देणाऱ्या एका मोठ्या कंपनीची जाहिरातही करत होती. एका हाताने जाडीवर विनोद विकायचा आणि दुसऱ्या हाताने जाडीवरचं औषध. त्यात लबाडी तिची एकटीची होती असं मी म्हणणार नाही, बाजारच तसा मांडलेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये ती गेली तेव्हाही तिच्या वजनाची उजळणी झालीच.

आपल्याकडे याहून फार वेगळं चालत नाही. 'दम लगा के हईशा' (२०१५) साठी भूमी पेडणेकरने वजन वाढवलं आणि काम फार सुरेख केलं. पण नंतर तिच्या मुलाखती आल्या त्या वजन कसं उतरवलं याच्याच. विद्या बालनची सुरुवात १९९५ च्या 'हम पांच'मधली. ती मालिका आम्ही कामं टाकून बघत असू. अशोक सराफ पाच मुलींचे वडील, आणि 'रजनी' म्हणून देशाला माहीत झालेली प्रिया तेंडुलकर त्यात भिंतीवरच्या फोटोत! विद्याने केलेली राधिका अभ्यासू, जाड चष्म्याची आणि ऐकू कमी येणारी, तर विनोद तिच्या बहिरेपणावर. पुढे ही नटी राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचली, पण तिच्या वजनाची चर्चा काही थांबली नाही. २०१९ साली शेवटी तिने याच विषयावर जाहीरपणे तोंड उघडलं.

मराठी मालिकांत २०२०–२१ च्या सुमारास जाड नायिका आल्या, 'सुंदरा मनामध्ये भरली'तली लतिका आणि 'येऊ कशी तशी मी नांदायला'मधली स्वीटू. त्यांचं मी स्वागतच केलं. आमच्या गल्लीतल्या मुलींना पहिल्यांदा आपल्यासारखी कुणीतरी प्रेमात पडताना दिसली. तरी लतिकाचं जाड असणं हाच गोष्टीचा तिढा. बारीक नायिकेला निदान शंभर तऱ्हेची दुःखं असतात!

हास्यजत्रा मी बघते, आणि आवडीने बघते, हे इथे सांगायला हवं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनी मराठी विनोदात बाईला जेवढी जागा मिळवून दिली तेवढी क्वचितच मिळाली होती. त्यांची वेळ साधण्याची हातोटी, बोलीवरची पकड, आवाज कुठे चढवायचा आणि कुठे टाकून द्यायचा याची जाण, हे सगळं वर्षानुवर्षांच्या कामाने येतं. माझं मत असं, की ज्या प्रहसनात वनिताच्या अंगाबद्दल एक शब्दही नसतो तिथे ती सर्वांत जास्त हसवते. कारण तिथे तिला काहीतरी करायचं असतं. कुणाशी भांडायचं असतं, काही लपवायचं असतं, कुणाला गंडवायचं असतं. अंगावरचा विनोद आळशी लेखकाचा असतो. त्याला प्रसंग रचावा लागत नाही, नटीने नुसतं उभं राहिलं की त्याचं काम झालं.

याच वनिताला हिंदीतल्या 'कबीर सिंग' (२०१९) मध्ये काम मिळालं ते मोलकरणीचं. तिच्या हातून काचेचा ग्लास फुटतो आणि नायक तिच्या मागे धावत सुटतो. जाड मोलकरीण जीव घेऊन पळते, हा विनोद. तो पाहून थिएटरं हसली. आमच्या गटातल्या, चित्रालय भागात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एकीने तो टीव्हीवर पाहिला. ती म्हणाली, "ताई, माझ्या हातून कप फुटला तेव्हा पगारातून कापले होते. पळायचं सुचलं नाही." आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली. त्या हसण्यात आणि थिएटरातल्या हसण्यात जो फरक आहे, तो मला या मुलीला समजावून सांगायचा आहे.

हे सगळं हसण्यावारी न्यावं, विनोदाला विनोद म्हणून घ्यावं, असं म्हणणारे भेटतात. सप्टेंबर २०१६ मध्ये तनिष्ठा चॅटर्जी 'पार्च्ड' चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी हिंदीतल्या एका विनोदी कार्यक्रमात गेली होती. तिथे तिच्या सावळ्या रंगावर एकामागून एक विनोद सुरू झाले तेव्हा ती उठून बाहेर पडली. नंतर तिने सविस्तर लिहिलं, आणि रंगाची ही थट्टा आपल्याकडे जातीशी कशी जोडलेली आहे तेही लिहिलं. वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिला नाव होतं म्हणून उठून जाता आलं. आमच्या पालघर जिल्ह्यात वारली, काटकरी, मल्हार कोळी मुली कंपन्यांत, शाळांत, वसतिगृहांत असतात. "अगदी आदिवासी दिसतेस" हे वाक्य आमच्याकडे शिवीसारखं वापरतात, तेही आदिवासींच्याच जमिनीवर उभं राहून. त्यांना उठून जायला दुसरी जागा कुठे आहे?

वजन या शब्दाला तर आमच्या जिल्ह्यात फार वेगळा इतिहास आहे. १९९२–९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. आजही अंगणवाडीची ताई मुलाला काट्यावर ठेवते तेव्हा आकडा थोडा तरी वर सरकावा म्हणून तिचा जीव टांगलेला असतो. त्याच जिल्ह्यात, बोईसर स्टेशनबाहेर महिनाभरात दहा किलो उतरवून देतो म्हणणारी पत्रकं हातात कोंबतात. डहाणू-विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात पावडरीचे डबे विकायला येतात, सातशे रुपयांना एक. आमच्या पत्रलेखिकेच्या आईने दोन डबे घेतले आहेत. रात्रीचं जेवण बंद केलं आहे, कारण यंदा स्थळं बघायची आहेत. मुलगी बारा तासांची पाळी उभ्याने करते. दोनदा चक्कर आली हेही पत्रात आहे, एका ओळीत, सहज सांगावं तसं. मला ती ओळ सगळ्यांत जास्त बोचली.

बैठकीत पत्र वाचलं तेव्हा एक सूचना आली, की वाहिन्यांना निषेधाचं पत्र पाठवू या. दुसरी आली, की मुलीला सांगू या, असल्या कार्यक्रमात पाऊलच टाकू नकोस. मला दोन्ही पटल्या नाहीत. निषेधाची पत्रं आपण पुष्कळ लिहिली आहेत आणि पुढेही लिहू. पण बायकांना विनोद कळत नाही हा शिक्का आपल्या चळवळीवर आधीच मारून ठेवलेला आहे, त्याला आणखी शाई पुरवायची माझी तयारी नाही. आणि जिला स्टेज आवडतं तिला घरी बसवायचं? ते तर तिचे सुपरवायझरही करू शकतील.

मी तिला लिहिलं ते थोडक्यात असं. स्टेज सोडू नकोस. काम देणाऱ्याला आधी विचार, की या बाईचं नाव काय, ती कुठून आली, तिला काय हवं आहे? त्याला उत्तर देता आलं नाही तर त्याने पात्र लिहिलेलंच नाही, तुझं वजन तेवढं उसनं मागितलं आहे. ते फुकट देऊ नकोस. आणि टीव्हीवरच्या त्या नटीवर राग धरू नकोस. तिचं नाव तुला शिवी म्हणून देतात यात तिचा दोष नाही, तुझाही नाही. पावडरीचे डबे मात्र घेऊन ये, आपण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना दाखवू, रक्तही तपासून घेऊ. आईलाही आण. तिला रागवायला नाही बोलवत म्हणावं, तिच्याशी बोलायचं आहे.

पंधरा दिवसांनी ती आली. आई आली नाही. हिमोग्लोबिन आठ निघालं. डॉक्टरबाईंनी पावडर बंद करून गोळ्या सुरू केल्या आणि रात्रीची भाकरी पुन्हा खायला सांगितली. कंपनीच्या कार्यक्रमाला तिने नाही म्हटलं आहे. तिच्या जागी दुसऱ्या एका मुलीला विचारलंय असं कळलं, आणि आता तिच्याशीही बोलायला हवं.

येताना तिने वहीची चार पानं आणली होती. स्टेशनवरून सुटणाऱ्या शेअर रिक्षाचं नाटुकलं आहे. रिक्षावाला जाड बाईला दोन सीटचे पैसे मागतो. बाई म्हणते, देते, पण मग दोन सीटची जागा दे. तो म्हणतो, तिसरा चढलाय. मग कोण किती जागा अडवतं याची मोजणी सुरू होते. पाय फाकून बसलेला कंपनीचा साहेब, मांडीवर पिशवी घेतलेला नेता, हँडलशी रिक्षावाल्याच्या कुशीत टेकलेला त्याचा मित्र. शेवटी रिक्षा जागची हलतच नाही. वाचन झालं तेव्हा पास्थळच्या मावशींना ठसका लागला. मधला भाग थोडा लांबला आहे, तो कापावा लागेल. जाड बाईचं काम तू करणार ना, असं कुणीतरी तिला विचारलं. ती म्हणाली, "नाही, मी रिक्षावाला."

येत्या ८ मार्चच्या कार्यक्रमात आम्ही ते करतो आहोत. तालमी दर रविवारी दुपारी चार वाजता. साहेबाच्या आणि नेत्याच्या कामाला अजून कुणी मिळालेली नाही.